साधेपणा, शिस्त आणि सर्जन : ग्रंथालयाच्या संगणकीकरणाविषयी



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, नाट्य आणि संगीत या विषयांवरील व्याख्याने आपण ऐकली. त्या मालिकेत संगणकीकरणासारखा रूक्ष विषय, आणि तोही मराठीच्या अध्यापकाकडे सोपवलेला, हे पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. यंत्राच्या आतील घडामोडींवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, आणि तसा दावाही नाही. परंतु संगणकाला जे काम सांगायचे ते अखेर नावांत, अक्षरांत आणि नियमांत सांगावे लागते, आणि या तिन्ही गोष्टींशी भाषेच्या अध्यापकाची रोजची गाठ असते. म्हणून हे निमंत्रण मी स्वीकारले.

प्रसंगही तसाच आहे. आपल्या संपूर्ण संग्रहाची सूची संगणकावर आणावी, असा ठराव सर्वसाधारण सभेने संमत केला आहे. शंभर वर्षांच्या दाखल नोंदवह्या, सूचीच्या कार्डांचे लाकडी खण, आणि आजवरच्या ग्रंथपालांनी केवळ स्मरणात जपलेली माहिती, हे सारे एका नव्या घरात न्यायचे आहे. घर बदलताना काय काय हरवते, हे ज्यांनी बिऱ्हाडे हलवली आहेत त्यांना सांगायला नको. सूचीतून नोंद गळाली की पुस्तक कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नाहीसे होते. आणि महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी ग्रंथालयात अशीही पुस्तके असतात, की ज्यांची दुसरी प्रत शोधायला कोठे जावे हे चटकन सांगता येत नाही. तेव्हा यंत्रखरेदीपेक्षा हा प्रश्न वारशाच्या हस्तांतराचा अधिक आहे.

अशा कामाची चर्चा सुरू झाली की सभेत तीन सूर हमखास ऐकू येतात. पहिला म्हणतो, काम साधे ठेवा; सामान्य वाचकाला समजेल आणि आपल्या तिजोरीला झेपेल एवढेच करा. दुसरा म्हणतो, नियम करा. कोणी काय भरायचे, कोणी तपासायचे, कोणी मंजुरी द्यायची हे ठरल्याशिवाय पाऊल टाकू नका. तिसरा सूर बहुधा तरुण सभासदांचा असतो. त्यांना वाटते, काही नवे करा; जगात एवढे घडत असताना आपण जुन्या कार्डांची नक्कल तेवढी करायची काय? तिन्ही सुरांत तथ्य आहे. व्यवहारात मात्र आपण भाजीत मीठ-मिरची घालावी तसे थोडे हे, थोडे ते एकत्र करतो आणि त्याला समतोल म्हणतो. माझे म्हणणे वेगळे आहे. या तीन गुणांचे प्रमाण ठरवण्यापूर्वी त्यांच्या जागा ठरवाव्या लागतात. कामाचा गाभा साधा असावा. त्या गाभ्यावर शिस्त कडक असावी. आणि गाभ्याच्या बाहेर सर्जनाला मोकळे रान असावे. जागा चुकल्या, की साधेपणाचा उणेपणा होतो, शिस्तीचा जाच होतो आणि सर्जनाचा गोंधळ होतो.

हे तत्त्व संगणकाबरोबर आले असे नाही. त्याचा एक उत्तम नमुना आपल्या या बडोद्यातच घडला. सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या अमेरिका-प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. त्या काळात उभ्या राहिलेल्या व्यवस्थेतील ग्रामग्रंथालयांचा नियम पाहा. गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच मध्यवर्ती ग्रंथालय खात्याने घालावी आणि तेवढीच प्रांत पंचायतीने. हा नियम शेतकऱ्यालाही तोंडपाठ व्हावा इतका सोपा होता, आणि त्यात पळवाटही नव्हती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. पेटीत काय आहे, ती कोणाच्या जबाबदारीवर गेली आणि केव्हा परत यायची, एवढेच लिहून ठेवायचे. गाभा एवढाच, पण तो काटेकोर. आणि त्याच खात्याच्या आश्रयाने जादूचे कंदील आणि चलच्चित्रे दाखवून निरक्षरांपर्यंत ज्ञान नेण्याचे प्रयोग झाले. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. पेट्यांचा हिशेब चोख होता, म्हणून प्रयोग करण्यास मन मोकळे राहिले.

याहून जुना दाखला हवा असेल तर पैठणला जावे लागेल. ज्ञानेश्वरीच्या रचनेनंतर सुमारे तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून फिरत होती. नकलकाराने एखादा शब्द बदलावा, एखाद्या भाविकाने आपली ओवी घालावी, असे होत होत पाठ अशुद्ध झाला होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पाठ शुद्ध करून प्रत सिद्ध केली, आणि यापुढे या ग्रंथात कोणी स्वतःची भर घालू नये, असे बजावून ठेवले. हे नियमन झाले. पण त्यांनी कोणाला लिहिण्याची बंदी केली नाही. स्वतः त्यांनी भागवतावर लिहिले, रामायण रचले, भारुडे लिहिली. पुढच्या शतकांत ज्ञानेश्वरीवर टीका-टिप्पण्या आणि निरूपणे झाली ती वेगळीच. मूळ संहिता हा गाभा; तेथे हस्तक्षेप नको. तिच्याभोवती भाष्यांचे जग. तेथे वाटेल तितकी प्रतिभा चालवा. संगणकाच्या क्षेत्रात मूळ प्रत कोणती, बदल कोणी आणि केव्हा केला, याची नोंद ठेवण्याचे शास्त्रच उभे राहिले आहे. त्यामागील विवेक आपल्याला परका नाही.

आता प्रत्यक्ष संगणकाकडे वळतो. शिस्त कोठे असावी, हे देवनागरीच्या कहाणीइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. संगणक अक्षर ओळखत नाही. तो अंक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि सर्वांनी तो पाळायचा, एवढे केले की एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला समान आहे हे ओळखून भारतीय तज्ज्ञांनी सर्वांसाठी एकच संकेतप्रणाली आखली. तिचे नाव ‘इस्की’. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने या क्षेत्रात मोलाचे काम केले. कल्पना साधी होती, मानक सिद्ध होते. तरीही बाजारात काय झाले? प्रत्येक फॉन्टकाराने आपापल्या सोयीने अक्षरांच्या तुकड्यांना वेगवेगळे क्रमांक दिले. कागदावर उमटलेले अक्षर सुरेख दिसे, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही. पण तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खिचडा समोर येई. त्या वर्षांत टंकलिखित झालेली कितीतरी मराठी पुस्तके, अंक आणि सूची आज पुन्हा वाचायच्या तर आधी त्या त्या फॉन्टची किल्ली शोधावी लागते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण होईल. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठीचे एक मोठे दालन बाहेरच्या वाचकाला बंद राहिले. महानुभावांच्या त्या निर्णयामागे निदान पंथाच्या रक्षणाचा हेतू होता. आपण मात्र हजारो पाने अशाच कुलपात घातली, आणि ती केवळ बेशिस्तीने.

यातून वाट काढली ती ‘युनिकोड’ने. त्याची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि देवनागरीचा आराखडा त्याने आपल्या ‘इस्की’च्याच पूर्वरूपावरून घेतला. देवनागरीला त्यात १२८ जागांचा एक कप्पा मिळाला. ‘क’ या अक्षराचा क्रमांक दशमान पद्धतीत २३२५, मग यंत्र कोणत्याही कंपनीचे असो आणि अक्षराचे वळण कोणतेही असो. या व्यवस्थेचा सर्वांत कडक नियम असा, की एकदा दिलेले अक्षर काढायचे नाही आणि हलवायचेही नाही. १९९६ पासून तो पाळला गेला आहे. नव्या अक्षरांना मात्र दार उघडे आहे. आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. आणि सर्जन? क्रमांक ठरला म्हणून अक्षराचे सौंदर्य ठरत नाही. त्याच २३२५ क्रमांकाचा ‘क’ प्रत्येक अक्षररचनाकार आपल्या हाताने घडवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट करून ते सर्वांना खुले केले. अक्षरांचे क्रमांक निश्चित नव्हते तेव्हा जुना मजकूर नव्या फॉन्टमध्ये वाचता येत नव्हता. क्रमांक निश्चित झाले, आणि मजकूर जुना आणि अक्षर नवे, हा योग सहज जुळू लागला.

मात्र नियमांत एक फट राहिली की ती कशी भोवते, याचेही उदाहरण मराठीतच आहे. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या मार्गांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असतात. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर यांचे पूर्ण नाव चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. समजा, आपल्या एका कार्यकर्त्याने ‘गोऱ्हे’ एका पद्धतीने भरले आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधले. दोन्ही रूपे एकच मानावीत, असे यंत्राला कोणी आधी सांगून ठेवले नसेल, तर ते उत्तर देईल : पुस्तक उपलब्ध नाही. ज्या नगरीने त्यांना राजकवी केले, त्याच नगरीतल्या मराठी ग्रंथालयाच्या सूचीत त्यांचे नाव सापडू नये, ही गोष्ट एका न दिसणाऱ्या फरकाने घडू शकते. येथे प्रतिभेचा उपयोग नाही, उत्साहाचाही नाही. येथे एक ओळीचा लेखी नियम हवा आणि तो पाळणारा माणूस हवा.

नावांचा प्रश्न येथेच संपत नाही. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज होतात आणि विनोदात बाळकराम. शिरवाडकरांची नाटके एका नावाने आणि कविता कुसुमाग्रज या नावाने. माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म बडोद्याचा. ते माधव जूलियन म्हणून ओळखले जातात, आणि ‘जूलियन’चे लेखन निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे आढळते. त्यात शुद्धलेखनाची भर आहे. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ आहे, नंतरच्यांवर ‘काही’. जुन्या पुस्तकांवर वर्ष शकाचे. त्यात ७८ मिळवल्याशिवाय इसवी सन निघत नाही. आपले जुने ग्रंथपाल हे सारे डोक्यात ठेवीत. वाचकाने काउंटरवर ‘बाळकराम’ म्हटले की त्यांचा हात गडकऱ्यांच्या खणाकडे जाई. ही जाण यंत्रात आपोआप उतरत नाही. मुखपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे नोंदवायचे, लेखकाचे एक अधिकृत नाव ठरवायचे, आणि बाकीची सारी नावे त्याच्याशी जोडायची, हे कोणीतरी बसून करावे लागते. ग्रंथालयशास्त्रात या कामाला मोठा मान आहे. बाहेरच्या माणसाला ते दिसतही नाही.

मग नोंदीत किती गोष्टी भराव्यात? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्ह्रम या विदुषीने १९६० च्या दशकात यंत्राला वाचता येईल अशी ग्रंथनोंदीची पद्धत सिद्ध केली. ती ‘मार्क’ या नावाने जगभर रूढ झाली. तिच्यात १०० क्रमांकाचा रकाना मुख्य लेखकाचा, २४५ चा ग्रंथनामाचा, असे शेकडो रकाने आहेत. दुसऱ्या टोकाला ‘डब्लिन कोअर’ ही पद्धत आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी १९९५ मध्ये भरलेल्या बैठकीतून ती निघाली आणि पुढे तिचे १५ घटक स्थिर झाले. एकीकडे सर्वांगपूर्णता, दुसरीकडे साधेपणा. आपण काय करावे? माझे नम्र मत असे, की चौकट ‘मार्क’चीच घ्यावी, कारण इतर ग्रंथालयांशी देवाणघेवाण तिच्यामुळे सुलभ होते, पण तिच्यातले दहा-बारा रकाने तेवढे अनिवार्य करावेत आणि ते प्रत्येक पुस्तकाला निरपवाद भरावेत. शंभर रकाने अर्धवट भरण्यापेक्षा दहा रकाने पूर्ण भरलेले बरे. साधेपणा म्हणजे कमी काम असा अर्थ कोणी घेऊ नये. काय गाळायचे हे ठरवण्यास विषयाचे पूर्ण ज्ञान लागते. ओवीच्या साडेतीन चरणांत काय बसवायचे आणि काय नाही, हे ठरवायला ज्ञानेश्वरच लागतात.

हा विवेक सुटला म्हणजे किती मोठे तारू बुडते, याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००२ मध्ये सर्व रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. मोठमोठी कंत्राटे केंद्रातून, घाईने दिली गेली. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ती यंत्रणा वापरायची, त्यांचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही. २०११ मध्ये शासनाने तो कार्यक्रम मोडीत काढल्याचे जाहीर केले. तोवर त्यावर अब्जावधी पौंड खर्च झाले होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याच कार्यक्रमातील क्ष-किरण चित्रे संगणकावर साठवून पाहण्याची योजना यशस्वी झाली. तिचे उद्दिष्ट मर्यादित होते आणि उपयोग उघड होता. म्हणजे पैसा तोच, देश तोच, माणसे बव्हंशी तीच. फरक पडला तो उद्दिष्टाच्या साधेपणाने. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीतील प्रचंड प्रकल्पाच्या अनुभवावर १९७५ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दिलेला इशारा असा, की रचनाकाराची दुसरी निर्मिती सर्वांत धोक्याची. कारण पहिल्या वेळी संयमाने बाजूला ठेवलेल्या सगळ्या हौशी तो दुसऱ्या वेळी भागवून घेतो. कवीच्या दुसऱ्या संग्रहाविषयी समीक्षकही अनेकदा हेच म्हणतात.

या तिन्ही गुणांना योग्य जागा मिळाल्याचे उदाहरण तर ग्रंथालयाच्याच क्षेत्रातले आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या जिल्ह्याची एक लहान ग्रंथालयसंस्था आहे. १९९९ साली तिची जुनी संगणकप्रणाली इसवी २००० ची तारीख ओळखणार नाही, अशी अडचण उभी राहिली. परवडेल अशी नवी प्रणाली बाजारात दिसेना. तेव्हा त्यांनी एका छोट्या स्थानिक कंपनीकडून आपल्या गरजेपुरती प्रणाली करून घेतली. ती जानेवारी २००० मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी त्यांनी ती सर्व जगाला मुक्तपणे देऊन टाकली. तिचे नाव त्यांनी ‘कोहा’ ठेवले. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, आणि तीही परस्परांना बांधून ठेवणारी भेट. आज भारतातील अनेक ग्रंथालयांतही ‘कोहा’ वापरात आहे. तिच्यात सुधारणा सुचवण्याचा अधिकार कोणालाही आहे. पण सुचवलेला बदल दुसऱ्या व्यक्तीने स्वतः तपासून त्यावर सही केल्याशिवाय पुढे जात नाही. त्यानंतर गुणवत्ता पाहणारे तो पुन्हा तपासतात, आणि मग त्या आवृत्तीचा जबाबदार कारभारी तो स्वीकारतो. सूचना देण्याला मुभा आणि स्वीकारण्याला कसोटी. इंग्रजीत ज्याला ‘गव्हर्नन्स’ म्हणतात त्याला आपण ‘शासन’ म्हणतो, आणि मग डोळ्यांसमोर छडी येते. मला आपला ‘कारभार’ हा घरगुती शब्द अधिक जवळचा वाटतो. कारभारी दुसऱ्याची ठेव सांभाळतो आणि हिशेब विचारला की देतो.

येथवरच्या विवेचनातून आपल्या ग्रंथालयापुरते काय निष्पन्न होते, ते मांडतो. निर्णय कार्यकारी मंडळाचा आहे. मी केवळ सभासद या नात्याने सुचवतो.

पहिली गोष्ट. कोणती प्रणाली घ्यायची, ‘कोहा’ की राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’, की गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘सोल’, या वादात फार वेळ घालवू नये. त्याआधी दोन पानांची नियमपत्रिका तयार करावी. अक्षर कोणत्या पद्धतीने टंकायचे, लेखकाचे अधिकृत नाव कसे ठरवायचे, शक आणि सन कसे लिहायचे, हे तिच्यात असावे. दोन पानांत न मावणारे नियम कोणी पाळत नाही.

दुसरी गोष्ट. या नियमांवर अखेरचा शब्द एकाच व्यक्तीचा असावा, आणि ती व्यक्ती ग्रंथपाल असावी. सल्ला दहा जणांचा घ्यावा. पण ‘माधव जूलियन’ कसे लिहायचे हे मतदानाने ठरवू लागलो, तर पुढचा शताब्दी महोत्सव येईल.

तिसरी गोष्ट. दुरुस्ती सोपी असावी आणि पुसणे अवघड असावे. चूक दिसली तर कोणत्याही सभासदाला ती कळवता यावी, आणि ती आठवडाभरात सुधारली जावी. तीन सह्यांचा अर्ज मागितला, तर चुका कळवणारे थांबतील आणि चुका तशाच राहतील. मात्र जुनी नोंद कायमची पुसण्याचा अधिकार कोणालाच नसावा. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया पाहा. तेथे जवळजवळ कोणीही लिहू शकतो, आणि हे धाडस चालते ते प्रत्येक लेखाची आधीची रूपे जपून ठेवली जातात म्हणून. आधीचे काही हरवत नाही, ही खात्री असली की मोकळीक देण्याचे भय उरत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या सूचीची पूर्ण प्रत, कोणत्याही प्रणालीत वाचता येईल अशा प्रमाणित स्वरूपात, दर तीन महिन्यांनी आपल्या ताब्यात आली पाहिजे. आणि ही अट करारनाम्यात लेखी हवी. प्रणाली बदलते, कंत्राटदार बदलतो, कंपनी बंदही पडते. माहिती आपली आहे, पण तिची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला आहे, अशी स्थिती येता कामा नये. फॉन्टच्या बाबतीत ती आपण एकदा भोगली आहे. आणि संगणकावरील सूची दोन वर्षे निर्वेध चालल्याचे सिद्ध होईपर्यंत कार्डांचे खण जागेवरून हलवू नयेत.

हे चार निर्बंध पाळले की उरलेल्या जागेत तरुण सभासदांना मनसोक्त काम करू द्यावे. आपल्या पुस्तकांच्या आतल्या पानांवर भेट देणाऱ्यांचे लेख आहेत, संस्थानकाळातील शिक्के आहेत, समासांत वाचकांनी पेन्सिलीने घातलेले वाद आहेत. कोणी त्यांची टिपणे करावीत. कोणी बडोद्यात जन्मलेल्या किंवा राहून गेलेल्या लेखकांची स्वतंत्र सूची करावी. गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून गुजरातीत आलेल्या पुस्तकांचा कोणी शोध घ्यावा. दोन्ही भाषांच्या अंगणात वाढलेल्या आपल्याखेरीज हे काम कोण अगत्याने करील? कोणी जुन्या पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करून दृष्टी अधू झालेल्या सभासदांना ऐकवावे. या कामांना मंडळाची पूर्वपरवानगी लागू नये. त्यांतली काही फसतील, फसू द्यावीत. मूळ सूचीला त्यांचा धक्का लागत नाही, हे आपण आधीच पाहून ठेवलेले असेल.

आणि एक पथ्य सर्वांनी पाळावे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांतील एकाचा आशय असा, की ग्रंथालयाने वाचकाचा वेळ वाचवावा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. पण सूत्र करताना त्यांनी यंत्राचा वेळ मोजला नाही, कारकुनाचाही नाही. त्यांनी वाचकाचा वेळ मोजला. आपल्याकडे असे सभासद आहेत की जे पन्नास वर्षे या काउंटरवर येऊन केवळ नाव उच्चारतात आणि पुस्तक घेऊन जातात. उद्या त्यांना कोणी पडद्याकडे बोट दाखवून ‘तिथे शोधा’ म्हणाले, तर यंत्र कितीही वेगवान असो, आपले संगणकीकरण फसले असे समजावे. पडद्यामागे माणूस हवाच. यंत्र त्याच्या हाताशी असावे, त्याच्या जागी नसावे.

हे ग्रंथालय ज्यांनी स्थापन केले त्यांनी परभाषक प्रदेशात मराठी पुस्तके जमवली, वर्गणी गोळा केली, आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद शाईने, वळणदार अक्षरात केली. त्या नोंदवह्या आजही वाचता येतात. आपण ज्या नोंदी करणार आहोत, त्या आणखी शंभर वर्षांनी वाचता आल्या पाहिजेत, एवढी एकच कसोटी मी आपल्यापुढे ठेवतो. जी योजना या कसोटीला उतरेल ती साधी आहे की नाही, शिस्तीची आहे की नाही, याची वेगळी चौकशी करावी लागणार नाही.